जिवाला गारवा

माझ्या मावशीच्या यजमानांना घरात सगळे थंडोबा म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर ते काका. हे नाव त्यांना नोकरीमुळे पडलं की स्वभावामुळे, याबद्दल नातेवाइकांत दोन तट आहेत. नोकरी कोल्ड स्टोरेजमध्ये, तीही गोठवलेल्या मालाच्या खोलीत, जिथे पारा वर्षभर शून्याच्या खाली वीसवर धरून ठेवलेला असतो. आणि स्वभाव असा, की एकदा स्वयंपाकघराच्या पडद्याने पेट घेतला तेव्हा काकांनी आधी वर्तमानपत्राची घडी घातली, चष्मा त्याच्या डबीत ठेवला आणि मग ते उठले. मावशीने तोवर बादली ओतून आग विझवली होती. "विझलं ना? मग झालं," म्हणून ते परत बसले. मावशी हा किस्सा सांगताना शेवटी न चुकता म्हणते, "बर्फाशी संसार केलाय मी, बर्फाशी!" त्यात तक्रार असते, पण तोराच जास्त असतो.

तो तोरा कुठून आला, हे सांगायला हवं. लग्न होऊन मावशी घरात आली तेव्हा तिला कोणीतरी सांगितलं की तुझा नवरा बर्फाच्या खोलीत काम करतो. ती दिवसभर रडत बसली. तिच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते आलं असेल. संध्याकाळी काका घरी आले, तिचे सुजलेले डोळे पाहिले आणि आयुष्यातलं पहिलं नि शेवटचं मोठं खोटं बोलले. "अगं वेडे, बाहेर लोक उन्हाने भाजून निघतात. आम्ही आत राजासारखे असतो. फार मजा असते."

मावशीचे डोळे पुसले गेले ते कायमचेच. त्यानंतर तिने ही राजेशाही सगळ्या गल्लीला ऐकवली. उन्हाळ्यात शेजारणी पदार्थ करपल्यासारख्या तोंडाने गॅलरीत बसल्या, की ही म्हणायची, "आमच्या ह्यांचं बरं आहे बाई." घरात पंख्यावरून वाद झाला, की पहिला टोमणा काकांना, "तुम्हाला काय, तुम्ही दिवसभर गारव्यात." आणि काका कामावरून आले, की दारातच त्यांच्या हातात बर्फ घातलेलं लिंबू सरबत. राजाला राजाच्या इतमामाने. काका ते एका दमात प्यायचे आणि लगेच गॅलरीत ऊन असेल तिथे खुर्ची ओढून बसायचे. आम्हाला वाटायचं, आतल्या सुखाची आठवण काढत असतील.

काका निवृत्त झाले, तेव्हा कोल्ड स्टोरेजच्या जेवणघरात निरोपाचा छोटासा समारंभ झाला. मावशीबरोबर मीही गेले होते. तिथला सुपरवायझर वयाने काकांपेक्षा बराच लहान, बोलायला भारी हौशी. त्याने काकांवर असं भाषण ठोकलं, की मध्येच मावशीने मला विचारलं, "हे आपल्याच ह्यांच्याबद्दल बोलतायत ना?" मग त्याने काकांना दोन शब्द बोलायला सांगितले. काका उभे राहिले. लोकांनी उत्तेजन म्हणून टाळ्या वाजवल्या. शेवटी काका म्हणाले, "सगळ्यांनी सांभाळून घेतलंत. आता काही नको. आता फक्त जिवाला जरा गारवा मिळावा, एवढंच." आणि बसले.

आपल्या भाषेत सुख थंडच असतं. डोळे निवतात, जीव गार होतो, मनाला थंडावा मिळतो. उन्हात वाढलेल्या माणसांनी हे शब्द घडवले आहेत. ज्याने सगळं आयुष्य गारठ्यात काढलं, त्याने सुख कुठल्या शब्दांत मागायचं, याची सोय कोणी करून ठेवलेली नाही. आणि काका उभे राहून "जिवाला ऊब मिळावी" असं म्हणाले असते, तर जेवणघरात भलताच अर्थ निघाला असता.

इकडे सहकाऱ्यांचं भेट काय द्यायची ते ठरत नव्हतं. घड्याळ नको, काकांकडे आहे. शाल नको, हा माणूस थंडीतला राजा, शाल घेऊन काय करेल? काकांच्या त्या एका वाक्याने सगळ्यांची अडचण सुटली.

पुढच्या आठवड्यात सुपरवायझर स्वतः घरी आला. त्याच्या हातात जाड कागदाचा लिफाफा होता. त्यावर निळ्या तलावाचं चित्र, तलावापलीकडे पांढरे डोंगर.

"काका, तुमच्या मनातलं ओळखलं की नाही बघा!"

लिफाफ्यात तलावाकाठच्या एका गेस्ट हाऊसचं, दोघांसाठी राहण्याजेवणासकटचं कूपन होतं. पानगळ सुरू झाल्यापासून हिवाळा संपेपर्यंत कधीही जावं, म्हणून लिहिलं होतं. खाली ठळक अक्षरांत, 'बर्फाच्या कुशीत चार दिवस'.

मावशीने ते मोठ्याने वाचलं. 'कुशीत' या शब्दावर ती थोडी लाजली. मग म्हणाली, "अहो, बघा तरी! एवढा बर्फ! आणि तोही उघड्यावर!"

काका म्हणाले, "हो."

"नुसतं हो काय? पोरांनी केवढ्या मायेने दिलंय."

"केवढ्या मायेने," काका म्हणाले. त्या वेळी त्यांचा चेहरा मी पाहिला. पडदा पेटला तेव्हाही तो इतका घाबरलेला नव्हता.

सुपरवायझर गेल्यावर मावशी शेजारी सांगायला गेली. काका मला हळूच गॅलरीत घेऊन गेले. तिथे भिंतीवर ऊन होतं. त्यांनी पाठ भिंतीला टेकली.

"तुला त्या कॉम्प्युटरवर कळेल का गं, तिथे बर्फ कधी पडत नाही ते?"

"कधी पडतो ते?"

"कधी पडत नाही ते."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग ते खालच्या रस्त्याकडे बघत, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगावी तसं म्हणाले, "मला थंडी सोसत नाही. कधीच सोसली नाही."

"पण तुम्ही तर..."

"ती रडत होती तेव्हा. मग एकदा सांगितलं ते सांगितलं. आता खरं सांगितलं, तर ती मागचे सगळे दिवस एकेक करून काढेल आणि एकेकासाठी रडेल. एवढं रडणं या वयात तिला झेपणार नाही. आणि मला पुन्हा बर्फात जाणं झेपणार नाही. तू बघ काहीतरी."

त्यांच्या तोंडून मी एका वेळी ऐकलेलं हे सर्वांत मोठं भाषण.

उपाय एकच होता. कूपनावर पानगळही होती. बर्फ पडायच्या आधी, झाडं रंग बदलत असताना जाऊन यायचं. कूपनही सत्कारणी लागेल, खोटंही शाबूत राहील. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी काकांनी आघाडी उघडली.

"मी म्हणतो, पानगळीत जाऊ या. पानं लाल होतात म्हणे. पिवळी होतात. मग गळतात. अगदी... एकामागून एक."

मावशीने कप खाली ठेवला. संसारात त्यांच्या तोंडून झाडाबद्दल अवाक्षर आलं नव्हतं. "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"नाही, म्हणजे सौंदर्य असतं त्यात."

"वाळक्या पानांत? ती तर मी रोज अंगणातून झाडते. एवढा प्रवास करून तिथे गेले, तर लोक माझ्या हातात झाडू देतील."

"पण तलावात त्यांचं प्रतिबिंब पडतं."

"पडू दे. मला बर्फ बघायचाय. तुम्ही जन्मभर बघितलात, मी काय फ्रीजमधला ट्रे बघायचा?"

 

मग आम्ही गेस्ट हाऊसला फोन केला. मी फोन टेबलावर मधोमध ठेवला, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल. पलीकडच्या बाई स्वतः मालकीण निघाल्या. आवाज घोगरा, आणि गिऱ्हाइकाला खूश ठेवायचा कसलाही मोह नाही.

"कधी यायचंय?"

"तेच ठरत नाहीये," मी म्हटलं. "पानगळ चांगली की बर्फ?"

"पानगळीत गर्दी असते, फोटो काढणारे झाडांखाली आडवे झोपतात, चालायला जागा उरत नाही. बर्फ पडला की शांत. तलाव गोठला की तो तलाव आहे हे आम्ही सांगतो, म्हणून कळतं. नाहीतर मोठं पांढरं मैदान."

मावशीचे डोळे चमकले. "मैदान! त्यावरून चालता येतं?"

"बाई, चालता येतं, पण मी सांगेन तेव्हाच. मागे एक पाहुणे स्वतःच्या मनाने गेले, त्यांचा बूट अजून तळाशी आहे."

"आणि माणूस?" काकांनी विचारलं.

"माणूस वर आहे. दरवर्षी येतो. बूट मागायला."

काका टेबलाशी आणखी वाकले. "ताई, पानगळ संपली आणि बर्फ पडला नाही, असं मधे काही असतं का?"

"असतं ना. चिखल असतो. गुडघाभर. त्या दिवसांत कोणी येऊ नये. आम्ही पण बाहेर पडत नाही."

"चिखल चालेल!" काका म्हणाले.

 मावशीने त्यांच्याकडे असं बघितलं, जसं ती बाजारात नासकं फळ गळ्यात मारणाऱ्याकडे बघते. "नंतर करतो फोन," म्हणून तिने तो बंद केला. "चिखलात लोळायला जायचंय का यांना, म्हशीसारखं?" हा प्रश्न तिने मला विचारला. काका तोवर गॅलरीत पोचले होते.

बर्फावर शिक्कामोर्तब झालं. एकदा ठरलं म्हटल्यावर मावशी तयारीला लागली, आणि मावशीची तयारी ही सोपी गोष्ट नाही. तिने लोकरीचे मोजे आणले, हातमोजे आणले, कानटोप्या आणल्या. भर उकाड्यात ते सगळं घालून ती आरशासमोर उभी राहिली आणि घेरी येऊन पलंगावर बसली. मग तिच्या लक्षात आलं की सवय करायला हवी. ती फ्रीजचं दार उघडून त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसू लागली. मांडीवर भाजी निवडायला घेई. फ्रीज बिचारा घरघर करून थकला आणि त्याने आतलं दूध नासवलं.

"तुम्ही शिकवा ना," ती काकांना म्हणाली. "घरात एवढा जाणकार असून मी भाज्यांसमोर बसलेय."

काकांना नाही म्हणता येईना. त्यांनी शिकवलं. तोंडाने श्वास घ्यायचा नाही. लोखंडाला उघडा हात लावायचा नाही. एका जागी उभं राहायचं नाही. पाय बधिर व्हायच्या आधी बोटं हलवत राहायची, कारण बधिर झाल्यावर कळतच नाही की ती हलतायत की आपण नुसतं ठरवतोय. डोळ्यांना पाणी आलं, तर लगेच टिपायचं.

"डोळ्यांना पाणी कशाने येतं?"

"गार वाऱ्याने."

"तुम्हाला यायचं?"

"कधीमधी."

मावशीने शेंग सोलता सोलता मान हलवली. पण तिच्या मनात काहीतरी घर करून राहिलं असावं. कारण तिने त्या दिवशी दुपारी परस्पर सुपरवायझरला फोन लावला. खोलीत एकदा जाऊन यायचंय, सवय म्हणून. इतक्या वर्षांत तिने ते दार कधी पाहिलं नव्हतं. बाहेरच्यांना तिथे मनाई असे. सुपरवायझर म्हणाला, "काकूंसाठी काय पण! साहेबांना मी सांगतो."

काकांना हे समजलं तेव्हा त्यांनी तीन-चार कारणं काढली. सर्दी होईल. फरशी घसरते. मालाची ने-आण चालू असते. मावशी म्हणाली, "तिथे तुम्ही मजा केलीत, मी पाच मिनिटंही करू नको?" संपलं.

काका बरोबर होतेच, मलाही आत सोडलं. आम्हाला जाड कोट दिले, बूट दिले. मावशी त्या कोटात रस्त्यावरच्या टपालपेटीसारखी दिसत होती. पहिलं दार उघडलं, आम्ही मधल्या अरुंद जागेत उभे राहिलो, ते दार मागे लागलं, मग दुसरं उघडलं. प्लास्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा बाजूला सारून सुपरवायझर म्हणाला, "या, तुमच्याच घरात आलात."

थंडी अंगावर आली नाही, आतून आली असं वाटलं. नाकातल्या केसांना कडकपणा आला. छताखाली मोठाले पंखे घोंगावत होते, त्यामुळे ओरडून बोलावं लागत होतं. छतापर्यंत खोक्यांच्या थप्प्या होत्या, मटार, मका, आइस्क्रीम, सगळ्यांवर पांढरी साय धरलेली. दूरवर कोटातली दोन माणसं ढकलगाडी नेत होती.

मावशी चहूकडे बघत होती. काहीतरी शोधत होती.

"तुम्ही बसायचात कुठे?" तिने ओरडून विचारलं.

काका म्हणाले, "इथे कोणी बसत नाही."

"म्हणजे खुर्ची नाही? टेबल?"

"बसलं की संपलं. चालत राहायचं."

इतक्या वर्षांत तिने तिथे एक खुर्ची कल्पिली होती, हे मला तेव्हा समजलं. कदाचित खिडकीही.  तिच्या पापण्यांवर बारीक पांढरे कण जमले होते.

परत निघताना सुपरवायझर दाराशी थांबला. त्याला आमच्या भेटीत काही कमी पडू द्यायचं नव्हतं. "आणि काकू, ही बघा खास जागा. दाराच्या चौकटीत गरम तार असते, दार गोठून बसू नये म्हणून. अख्ख्या खोलीत ऊब म्हणाल तर तेवढीच. काका येता-जाता इथे हात लावून उभे राहायचे. आम्ही म्हणायचो, काका माहेरी गेले!" तो खळखळून हसला.

चौकटीवर निळा रंग होता. खांद्याच्या उंचीला, दोन ठिकाणी, तो रंग घासून निघून गेला होता आणि खालचा धातू गुळगुळीत झाला होता.

काका म्हणाले, "चला, चला, दार उघडं ठेवू नका." दार बंदच होतं.

मावशीने हातमोजा काढला. आपला तळवा तिने त्या गुळगुळीत जागेवर ठेवला. तिला ती जागा जरा उंच पडत होती, टाचा उचलाव्या लागल्या. थोडा वेळ ती तशीच उभी राहिली. मग मोजा चढवला आणि सुपरवायझरला म्हणाली, "छान आहे हो. धन्यवाद."

आम्ही घरी आलो. आम्हाला वाटलं, आता रडेल. काका रुमाल काढून तयारीत होते. मावशी आत गेली, आणि स्वयंपाकघरातून भांड्यांचा असा आवाज आला, की काका दोन पावलं मागेच सरकले.

"राजासारखे म्हणे!" एक पातेलं. "मजा असते म्हणे!" त्यावरचं झाकण.

"अगं, तू रडत होतीस तेव्हा."

"मग रडले असते! दोन दिवस रडले असते, तिसऱ्या दिवशी उठून भाकरतुकडा शोधला असता. नवीन नवरी रडायची नाही तर काय नाचायची? पण तुम्ही मला गावभर फुशारक्या मारायला लावल्यात. किती जणींना जळवलं मी, काही कल्पना आहे?"

"तुला त्यात आनंद होता."

"हो, होता!" ती दारात आली. हातात पेला होता. "आणि हे? हे सरबत? बर्फ घालून?"

काकांनी हातातल्या रुमालाची घडी घातली.

"रोज प्यायचात?"

"तू करायचीस ना."

"हिवाळ्यातसुद्धा?"

"हिवाळ्यात तू बर्फ कमी घालायचीस," काका म्हणाले. हे त्यांनी तिच्या बाजूने म्हणून सांगितलं होतं.

मावशीच्या तोंडातून एक विचित्र आवाज आला. हसू आणि हुंदका एकाच दारातून बाहेर पडू बघत होते आणि दोघांचीही अडचण होत होती. शेवटी हसू आधी निसटलं. ती दाराला टेकून हसली, मग तिथेच डोळे पुसत राहिली. काकांनी तो तयार ठेवलेला रुमाल पुढे केला. तिने तो हिसकावून घेतला. "द्या इकडे. बावळट कुठले."

मग काकांनी धीर केला. "तर मग... नाही ना जायचं?"

"जायचंय की!"

"अगं पण आत्ताच तर..."

"मला बर्फ बघायचाय. तुम्हाला बघायचाय, असं मी कुठे म्हटलं? तुमचा बघून झालाय. फोन लाव गं त्या बाईला."

मी फोन लावला. मालकीणबाईंनी आवाज ओळखला. "चिखलवाले ना?"

"ताई, चिखल रद्द," मावशी म्हणाली. "मला सांगा, तुमच्याकडे शेगडी असलेली खोली आहे का? चांगली धगधगीत? एक माणूस दिवसभर आत बसणार आहे."

"आजारी आहेत का?"

"नाही. ठणठणीत आहेत. त्यांना ऊब खायचीय."

"आणि तुम्ही?"

"मी बाहेर. बर्फात."

बाई विचारात पडल्या. "एकाला बर्फ हवा, एकाला नको, आणि तरी बरोबर यायचं. असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतेय. असं करा, पानगळीच्या अगदी शेवटाला या. थोडी पानं असतील, ती त्यांच्या वाटणीची. तेवढ्यात पहिला बर्फ पडेल, तो तुमच्या. नाही पडला, तर परत यावं लागेल. माझी हरकत नाही, पण दुसऱ्यांदा कूपन चालणार नाही."

"आणि शेगडीत लाकडं आमच्या आम्ही घालायची का?" काकांनी मधेच विचारलं. त्या सबंध सहलीबद्दल त्यांनी आपण होऊन विचारलेला तो पहिला खराखुरा प्रश्न होता.

"घाला की. हवी तेवढी घाला."

काकांनी माझ्याकडे बघितलं. 'हवी तेवढी' हे शब्द मीही ऐकले का, याची त्यांना खात्री करून घ्यायची होती.

त्यानंतर घराचा रंगच पालटला. काका स्वतःहून बॅग भरू लागले. त्यांनी आत एक हलकी उशी घातली, शेगडीसमोर टेकायला. दुर्बीण घेऊ का, म्हणून विचारलं. आतून पानं बघता येतील. मावशी म्हणाली, "आतून मला बघा. बूट तळाशी गेला तर ओरडा." संध्याकाळचं सरबत बंद झालं. त्याजागी आल्याचा चहा आला, इतका कढत, की काका बशीत ओतून फुंकत बसायचे आणि तरी तक्रार म्हणून करायचे नाहीत.

सगळं मार्गी लागलं असं वाटत असतानाच सुपरवायझरचा फोन आला.

"काका, निघालात की नाही अजून? ऐका, सगळ्यांनी मिळून ठरवलंय. तुमचा बर्फात चालतानाचा एक व्हिडिओ पाहिजे. जेवणघरात मोठा पडदा लावलाय ना, त्यावर दाखवायचा. थंडोबा आपल्या राज्यात!"

घरातलं ते नाव कोल्ड स्टोरेजमध्येही पोचलं होतं तर. काकांनी फोन कानापासून दूर धरला आणि मावशीकडे हताशपणे पाहिलं. इतक्या मायेने पैसे गोळा करून दिलेल्या माणसांना, तुम्ही चुकीची भेट दिलीत, असं सांगणार कोण? निदान या एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं. ही गोष्ट घराबाहेर जायची नाही.

"पाठवतो म्हणा," मावशी कुजबुजली.

"पाठवतो," काका म्हणाले, आणि फोन ठेवून कपाळाला हात लावला. "म्हणजे शेवटी बर्फात जावंच लागणार मला."

"कशाला? मी जाते. कोट घालते, कानटोपी ओढते, वर मफलर. नाकसुद्धा दिसणार नाही. तुम्ही खिडकीतून व्हिडिओ काढा."

"ओळखतील."

"तोंड कुठे दिसणार आहे?"

"आत सगळे कोटातच असतात. तोंड कुणाचंच दिसत नाही. आम्ही एकमेकांना चालीवरून ओळखतो. पाठमोरा, लांबून, धुक्यातसुद्धा. तुझं पहिलं पाऊल पडलं की कळेल त्यांना."

मावशीने थोडा विचार केला. मग आत जाऊन ती काकांचा जुना कोट घालून आली. बाह्या लांब होत होत्या, तिने मुठीत धरल्या. माझ्या हातात फोन दिला. "तू काढ गं. बघू या."

ती बैठकीच्या त्या टोकाला गेली आणि तिथून दाराकडे चालत आली. उजवा खांदा किंचित खाली. हात अंगापासून जरा सुटलेले, जणू अजून खोकं धरलंय. मान पुढे. प्रत्येक पाऊल आधी सपाट टेकवून मग वजन टाकायचं, घसरड्या फरशीवर टाकतात तसं. मी फोन धरून उभी होते. त्या छोट्या चौकोनात माझे काका चालत येत होते.

काका खुर्चीत पुढे सरकून बसले होते. त्यांनी स्वतःला असं कधी पाहिलं नव्हतं.

"मी असा चालतो?"

"असेच."

"खांदा वाकडा का?"

"मला काय विचारता? तुमचा खांदा. मी आपली रोज गॅलरीतून बघायचे, कोपऱ्यावर वळलात की."

काकांनी आपला उजवा खांदा चाचपला. मग म्हणाले, "पुन्हा चाल बघू."

ती पुन्हा त्या टोकाला गेली, वळली आणि पुन्हा चालत आली. काका बारकाईने बघत होते, कोल्ड स्टोरेजमधल्या नवीन माणसांचं काम बघायचे तसे.

"खांदा बरोबर आहे," ते म्हणाले. "पण जरा सावकाश. मी एवढ्या घाईत नसतो."

"घरी येताना असता," मावशी म्हणाली, आणि मुठीतली बाही सावरून पुन्हा त्या टोकाकडे चालू लागली.